तीस दिवस हात न लागलेल्या फाइली

आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथं ड्रॉइंगची टेबलं असायची त्या खोलीत, सोळा सर्व्हरचं एक क्लस्टर आहे, म्हणजे एकमेकांना जोडून एकत्र चालणारे सोळा मोठे संगणक. ते सांगलीत असलं तरी एकट्या आमच्या कॉलेजचं नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली सात कॉलेजं मिळून ते वापरतात. ते चालू ठेवणं, कुणाचं काम आधी लागेल ते ठरवणं आणि सगळ्यांना जागा पुरवणं हे माझं काम. अकरा वर्षं मी ते करतो आहे.

यातला सगळ्यात अवघड भाग जागेचा. प्रत्येकाला स्वतःची म्हणून वीस जीबी जागा मिळते. त्याहून मोठं काही असेल तर ते सामाईक जागेत ठेवायचं. तिला स्क्रॅच म्हणतात. नव्या माणसाला मी सांगतो, स्क्रॅच म्हणजे मार्केट यार्डातली हळदीच्या सौद्याची जागा. माल आणा, सौदा करा, उचला. तिथं मुक्काम करायचा नाही.

लोक मुक्काम करतातच. एकदा ती जागा शंभर टक्के भरली आणि तेवीस जणांची चालू कामं एका सकाळी एकदम बंद पडली. कुणाचं चार दिवस चाललेलं, कुणाचं नऊ. त्यानंतर मी नियम लिहिला आणि सातही कॉलेजांच्या बैठकीत तो मंजूर करून घेतला. स्क्रॅचमधल्या ज्या फाइलीला तीस दिवस हात लागला नाही, ती सोमवारी सकाळी सहा वाजता आपोआप पुसली जाईल. आठ दिवस आधी मेल जाईल. या जागेची दुसरी प्रत कुठंही ठेवली जात नाही.

नियम होऊन दोन महिने झाले असतील, साताऱ्याच्या एका प्राध्यापक बाईंचा फोन आला. त्या रजेवर होत्या, सातवा महिना चालू होता. घरच्या नेटवरून चारशे जीबी उतरवणं शक्य नव्हतं. "पंधरा दिवस थांबा ना सर," एवढंच त्या म्हणाल्या. मी नाही म्हणालो. एकाला दिलं तर बाकीच्यांना काय सांगू? त्या तीन तास एसटीत बसून हार्डडिस्क घेऊन आल्या, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून कॉपी पूर्ण होईपर्यंत थांबल्या आणि परतीच्या एसटीनं गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमचा नियम चांगला आहे सर. माणसांसाठी नाही, फाइलींसाठी."

ते मला लागलं. पुढच्या बैठकीत मी एक कलम वाढवलं. वापरणाऱ्यानं स्वतःच्या सहीचा दोन ओळींचा अर्ज दिला तर पंधरा दिवसांची मुदत मिळेल. फोन नाही, निरोप नाही, सही पाहिजे. कुणाच्या फाइलीला मी स्वतः हात लावायचा नाही, हेही त्याच कागदावर आहे. तेही माझंच वाक्य.

आता माझ्या मित्राविषयी. तो आमच्याच कॉलेजात संगणक शिकवायचा. पलूसच्या अलीकडच्या एका गावातलं जैन शेतकऱ्याचं घर, घरची तीन एकर द्राक्षबाग. बाग थोरला भाऊ बघायचा. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो आणि पंधरा वर्षं अकराचा चहा बरोबर घेतला. पन्नाशी जवळ आली तरी त्याची पीएचडी व्हायची होती. विषय त्यानं घरातलाच घेतला होता, द्राक्षावरचा डावण्या रोग. पानावर तेलकट डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हवेतला ओलावा, तापमान, पानं किती तास ओली राहिली, यावरून पाच दिवस आधी डावण्या येणार की नाही हे सांगणारा प्रोग्राम तो करत होता. अठरा बागांत त्यानं यंत्रं बसवली होती आणि तीन हंगामांच्या नोंदी जमवल्या होत्या.

तो प्रोग्राम क्लस्टरवर चालेना. अडचण नेहमीचीच होती. एक प्रोग्राम एकटा कधी येत नाही. त्याला खाली दुसरे तीस-चाळीस प्रोग्राम लागतात आणि त्यांतला प्रत्येक ठरावीक आवृत्तीचाच लागतो. स्वतःच्या संगणकावर माणूस हवं ते बसवतो. सामाईक यंत्रावर एकासाठी बदललं की दुसऱ्याचं मोडतं. यावर उपाय म्हणजे कंटेनर. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका मोठ्या फाइलीत बंद करायचं आणि ती फाइल जशीच्या तशी क्लस्टरवर चालवायची. आम्ही दोघं त्याला डबा म्हणायचो. पण बहुतेक लोक ज्या पद्धतीनं डबा चालवतात तिला यंत्राच्या मालकाचे अधिकार लागतात आणि सामाईक यंत्रावर ते कुणालाच देता येत नाहीत. म्हणून वापरणाऱ्याच्या स्वतःच्या अधिकारातच चालणारी दुसरी पद्धत शोधली. आमच्या क्लस्टरवरचा पहिला डबा त्याचा. एकोणीस वेळा बांधला तेव्हा विसाव्या वेळी चालला.

डबा कसा बांधायचा याची कृती एका छोट्या फाइलीत लिहिलेली असते. त्याच्या कृतीत कुठल्याही सामानापुढं आवृत्तीचा आकडा नव्हता. जे त्या दिवशी नेटवर होतं ते आत गेलं होतं.

"आकडे लिही," मी म्हणालो. "उद्या परत बांधायची वेळ आली तर?"

"परत कशाला बांधायचा? चाललाय न्हवं? आता ह्याचं तोंड उघडायचं न्हाई."

"निदान एक प्रत घरी ने."

"सव्वीस जीबी? गावात नेट आलं की म्हातारी माणसं बघाय जमत्यात रं. आणि तू हाईस की हितं."

तीन हंगामांच्या नोंदींवर शिकवून तयार झालेलं, अंदाज सांगणारं मॉडेलही त्यानं त्याच डब्यात ठेवलं. सव्वीस जीबी त्याच्या वीस जीबीत मावत नव्हते, म्हणून डबा स्क्रॅचमध्ये राहिला. तो रोज काहीतरी चालवायचा, त्यामुळं तीस दिवसांचा प्रश्न कधी आलाच नाही. एकसष्ट वेळा बागांत डावण्या आला होता, त्यांतले बावन्न त्याच्या प्रोग्रामनं आधी ओळखले. या बावन्नवर त्याचे दोन निबंध छापून आले. आता परीक्षकांनी चौथा हंगाम मागितला होता, याच प्रोग्रामवर चालवून. विद्यापीठानं दिलेली ही शेवटची मुदतवाढ होती. प्रबंध वर्षाअखेर दिला नाही तर नोंदणी रद्द.

ऑक्टोबरच्या छाटण्या उरकल्या होत्या आणि चौथ्या हंगामाच्या नोंदी येऊ लागल्या होत्या, तेव्हा त्याच्या आईनं सल्लेखना घेतली, अन्न सोडत सोडत देह ठेवायचं व्रत. वय अठ्ठ्याऐंशी. दोन वर्षं अंथरुणाला होती. मुनी महाराजांची परवानगी मिळाली, घरच्यांनी मान्य केलं. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक. मला हे नवीन नव्हतं, त्या गावांत अशी घरं मी पाहिली आहेत. एका शुक्रवारी दुपारी मित्रानं शेवटचं काम चालवलं आणि रजेचा अर्ज देऊन माझ्याकडं आला.

"अव्वाजवळ बसतो आता," तो म्हणाला. "हे पुरं होईस्तवर फोन बंद, कॉलेज बंद. तिच्या कानावर फक्त मंत्र पडला पायजे. काय लागलं तर अण्णाला फोन कर."

तो शुक्रवार शून्य धरून मी दिवस मोजत होतो. मुद्दाम नाही, सवय आहे.

चोविसाव्या दिवशी, सोमवारी, पुढच्या सोमवारी पुसल्या जाणाऱ्या फाइलींची यादी निघाली. चौदा जणांची नावं होती. नववं त्याचं. त्याच्या नावापुढं एकच फाइल, सव्वीस जीबी. त्याला मेल गेला. तो वाचणार नव्हता हे मला ठाऊक होतं.

मी अर्जाचा छापील कागद काढला. त्याचं नाव, खातं, फाइलीचं नाव, सगळं मीच भरलं. फक्त सहीची जागा रिकामी ठेवली. शनिवारी सुट्टी होती. कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातला, पेन लावलं आणि मोटरसायकलवरून त्याच्या गावी गेलो.

अंगणात पन्नासेक माणसं बसली होती, पण आवाज नव्हता. त्याचा थोरला भाऊ, अण्णा, चपला काढायच्या जागेपाशी भेटला. "आवं या सर, बसा. पाणी घ्या." बाग कशी आहे म्हणून विचारलं. "धुकं लय पडाय लागलंय. ह्या साहेबांचा कंप्यूटर बंद हाय, मग काय, आमी आपलं पानं उलटून बघतोय. अव्वा उठती असती तर ह्येच्या कंप्यूटरच्या आधी तिनंच सांगितलं असतं. तिनं पान हातात घेतलं की कळायचं. आमी चेष्टा करायचो, ह्येच्यापरास अव्वालाच पीएचडी द्या." बोलता बोलता त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले.

आतल्या खोलीत चटईवर ती होती. एवढीशी. मित्र तिच्या उशाशी बसून हळू आवाजात णमोकार म्हणत होता. त्याची दाढी वाढली होती, पांढरी. तो एक वेळच जेवत होता. मला बघून त्यानं मान हलवली आणि शेजारी जागा केली. मी बसलो. तिनं डोळे उघडले. पंधरा वर्षं मी त्या घरी जातो आहे, तिनं मला ओळखलं.

"जेवलास काय बाबा?" ती म्हणाली.

पाण्याशिवाय तिनं सगळं सोडलं होतं. मी "व्हय" म्हणालो. जेवलो नव्हतो.

अर्धा तास मी तिथं होतो. खिशातला कागद छातीला टोचत होता. उशाशी बसलेल्या माणसापुढं मी फाइलीचा अर्ज कसा धरणार? अंगणातून, खिडकीतून माणसं बघत होती. बाहेर बोलवावं असं वाटलं, पण तो उशापासून उठत नव्हता आणि उठायला लावणं मला जमेना. निघताना तो दारापर्यंत आला.

"काय काम हुतं का रं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "सहज आलो."

तिथं, त्या दारात, दहा सेकंद पुरले असते. मी नंतर पुष्कळ वेळा हिशेब केला आहे. कागद काढायला तीन, उलगडायला दोन, सहीला पाच.

दुसऱ्या दिवशी रविवारी पहाटे ती गेली. निरोप आल्यावर मी परत गेलो. तिला बसवून, फुलं घालून पालखीतून नेलं. सगळं गाव होतं, आजूबाजूच्या गावांतनंही माणसं आली होती. रडणं नव्हतं, जयजयकार होता. मित्र पालखीला खांदा देऊन चालत होता. त्या दिवशी कागद मी नेलाच नव्हता. निघताना तो टेबलावर ठेवला, तेव्हा स्वतःला म्हणालो, आज तर शक्यच नाही.

संध्याकाळी पाचला घरी आलो, आंघोळ केली. बायको वाईची, कमी बोलणारी. तिनं चहा ठेवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "काय राहिलंय का?" मी तिला सगळं सांगितलं.

"मग वाढव की मुदत. तुझ्याच हातात आहे ना?"

"सही नाही."

"आई गेली त्यांची."

"यादीत चौदा जण आहेत," मी म्हणालो. "त्यांच्या घरी काय झालंय ते मला माहीत नाही. याच्या घरी मी गेलो म्हणून माहीत आहे. ओळखीचा आहे म्हणून याचं ठेवायचं आणि बाकी तेरा जणांचं पुसायचं?"

तिनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मी लॅपटॉप उघडला. फाइलीची तारीख आजची करायला एक ओळ पुरते. ती मी लिहिली. मग मला साताऱ्याच्या बाई आठवल्या, त्या खुर्चीवर पाठ न टेकता बसलेल्या. मी ओळ पुसली आणि लॅपटॉप मिटला. मला वाटलं मी बरोबर वागलो. हे मी लपवत नाही, त्या संध्याकाळी मला खरोखर तसंच वाटलं.

सोमवारी सहा वाजून चार मिनिटांनी अहवाल आला. चौदा खाती, एकशे अठरा फाइली पुसल्या.

आई गेल्यावर तेराव्या दिवशी तो कॉलेजला आला. चहाला न जाता सरळ माझ्या खोलीत येऊन त्यानं खातं उघडलं. फाइलींची यादी वरखाली फिरवून बघितली.

"डबा कुठाय रं?"

मी तारीख सांगितली.

त्यानं मेल उघडला. न वाचलेल्या दोनशे सहा मेलांत माझा सापडला. तो वाचून त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मीच बघितला न्हाई. तुझा काय दोष? तुझा नियम मला पाठ हाय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तो स्वतःला दोष देत होता आणि मी तो देऊ दिला.

आम्ही लगेच कामाला लागलो. कृतीची फाइल त्याच्या वीस जीबीत होती, नोंदी वह्यांत आणि लॅपटॉपवर होत्या. म्हणजे पुन्हा बांधता येईल असं वाटत होतं. पण आवृत्त्यांचे आकडे नव्हते. नेटवर सगळं पुढं सरकलं होतं, दोन जुन्या गोष्टी तर मिळेनातच. सात वेळा डबा बांधला. सातही वेळा मॉडेल नव्यानं शिकवलं. सगळ्यात चांगला आला तो सहाव्या वेळचा, एकसष्टपैकी शेहेचाळीस. तेही जुन्या बावन्नमधले सगळे नव्हेत.

"शेहेचाळीस वाईट न्हाई," तो म्हणाला. "पण मी छापलंय बावन्न. आता कुणी म्हणलं, दाखव बावन्न, तर काय दाखवू?"

"डबा पुसला गेला असं लिही."

"म्हंजे आकडा माझा आणि पुरावा न्हाई. तू परीक्षक असतास तर मानलं असतंस?"

मी मानलं नसतं. तसं मी म्हणालोही. तो थोडा हसला. "म्हणून तर तुझ्याकडं ठेवला हुता."

सगळी प्रकरणं शेहेचाळीसवर नव्यानं लिहायची तर उरलेले तीन आठवडे पुरणार नव्हते. त्यानं विद्यापीठाला अर्ज केला. आईच्या मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं, आणखी मुदतवाढीची तरतूद नाही. ते पत्र त्यानं मला दाखवलं. खालची सही, शिक्का, सगळं बरोबर होतं. तसं पत्र मीही लिहिलं असतं.

वर्ष संपलं, नोंदणी रद्द झाली. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी चहाला बसलो असताना मी त्याला सांगितलं. शनिवारी तुझ्याकडं आलो तेव्हा अर्ज माझ्या खिशात होता. भरलेला. फक्त सही हवी होती.

त्यानं कप खाली ठेवला.

"तवा तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मी इचारलं तुला. दारात."

"व्हय."

"मग काढला का न्हाईस?"

"अव्वासमोर कसा काढू?"

त्यानं कप बाजूला सारला. "अव्वाला काय झालं असतं?" तो म्हणाला. "ती म्हणाली असती, कर की बाबा सही, एवढ्या लांबनं आलाय त्यो. तिनं सगळं सोडलं हुतं गड्या. तुलाच कागद सोडवंना."

एवढंच. आवाज चढवला नाही. उठून वर्गावर गेला.

अकराचा चहा त्यानंतर बंद झाला. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. जिन्यात भेटलो की तो बाजूला होऊन मला आधी जाऊ देतो. मार्चमध्ये तो एकदा खोलीत आला, खातं बंद करण्याचा अर्ज घेऊन. नाव, खातं, कारण, तारीख, सही, एकही रकाना रिकामा नव्हता.

"आत दोनशे चौदा फाइली आहेत," मी म्हणालो. "कृती आहे, नोंदी आहेत. प्रत करून देऊ का?"

"काय नको. नियमात बसतंय ते करा."

खातं बंद करण्याचा अर्ज आला की सात दिवसांत ते पुसायचं, असा नियम आहे. आठ महिने झाले. अर्ज माझ्या खणात आहे आणि खातं तसंच आहे. दर तिमाहीला सात कॉलेजांना अहवाल पाठवतो, त्यात एकूण खात्यांचा रकाना असतो. खाती चाळीस असायला हवीत. मी एकेचाळीस लिहितो. खाली माझी सही असते. आजवर कुणी विचारलेलं नाही.